शेवट ठाऊक असलेली कादंबरी आणि नियम पाळणारी फँटसी: आपले मत काय?

पैलतीर:

गेल्या काही महिन्यांत माझे वाचन दोन अगदी वेगळ्या मुलखांत झाले. एकीकडे रणजित देसाई यांची 'स्वामी' पुन्हा वाचली, विश्वास पाटील यांची 'पानिपत' पहिल्यांदाच सलग वाचली आणि हिलरी मँटेल यांची 'वुल्फ हॉल' संपवली. दुसरीकडे उर्सुला ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' आणि सुझॅना क्लार्क यांची 'जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल' या दोन फँटसी कादंबऱ्या वाचल्या. ही निवड ठरवून केलेली नव्हती, पण पुस्तके एकापाठोपाठ वाचली गेल्यामुळे एक मत तयार झाले आणि ते येथील जाणकारांपुढे ठेवावे असे वाटले.

माझे मत असे की, ऐतिहासिक कादंबरीकाराला शेवट बदलण्याची मुभा नसते, त्यामुळे त्याची पात्रे स्वतःच्या भविष्याविषयी किती खरेपणाने अनभिज्ञ राहतात यात त्याचे कसब दिसते. फँटसी लिहिणाऱ्याला सगळीच मुभा असते, त्यामुळे तो स्वतःला काय काय नाकारतो यात त्याचे कसब दिसते. या कसोटीवर आपल्या गाजलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्या मला काहीशा उण्या वाटल्या आणि ज्या प्रकाराला आपण पोरकट म्हणून बाजूला सारतो तो प्रकार अनपेक्षितपणे कडक शिस्तीचा वाटला.

इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याचा १५४० मध्ये शिरच्छेद झाला, हे कोणत्याही संदर्भग्रंथात एका ओळीत सापडते. तरीही 'वुल्फ हॉल'मध्ये, म्हणजे १५३५ मधील थॉमस मोरच्या मृत्यूपाशी थांबणाऱ्या पहिल्या भागात, हा माणूस त्या शेवटाच्या सावलीत एकदाही वावरत नाही. मँटेल यांनी सगळे कथन वर्तमानकाळात ठेवले आहे आणि क्रॉमवेलला बहुतेक ठिकाणी नुसते 'तो' म्हटले आहे. हा 'तो' नेमका कोण, याचा सुरुवातीला फार गोंधळ होतो, परंतु सवय झाल्यावर त्याला जेवढे दिसते तेवढेच वाचकालाही दिसू लागते. साथीच्या तापात त्याची पत्नी आणि दोन्ही मुली जातात. धाकट्या ग्रेससाठी नाताळच्या खेळात मोरपिसांचे पंख केलेले असतात. ते पंख पुढे पुन्हा आठवणीत येतात, पण लेखिका त्यांच्याभोवती एकही हळवे विशेषण घालत नाही. ज्या वाड्याचे नाव पुस्तकाला दिले आहे, तेथे कादंबरी मुळी जातच नाही. अगदी शेवटी क्रॉमवेल राजाच्या दौऱ्याची आखणी करताना तेथील मुक्कामासाठी पाच दिवस राखून ठेवतो, इतकेच. त्या वाड्यातील मुलगी पुढे राणी होणार, हे आपल्याला ठाऊक असते आणि त्याला नसते. एवढ्या एका फरकावर ते पान उभे आहे.

'स्वामी'तील रमा-माधवांमधला संकोच, राघोबादादांविषयी माधवरावांच्या मनात असलेली माया आणि चीड यांची गुंतागुंत, हे सगळे मला आजही आवडते. परंतु या वाचनात सतत असे जाणवत राहिले की, सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रे घेणारा हा मुलगा अकरा वर्षांनी थेऊरला क्षयाने जाणार आहे, हे त्याच्या भोवतालच्या सगळ्यांना जणू आधीच कळलेले आहे. संवाद असे रचले आहेत की, बोलणाऱ्यांनी स्वतःच्या चरित्राचा समारोप वाचून ठेवला असावा. 'पानिपत'मध्ये हा दोष कमी आहे, कारण विश्वास पाटलांना फौजेच्या पोटाची चिंता आहे. रसद, तुंबलेला पैसा, पावसाने फुगलेली यमुना आणि छावणीतील उपासमार यांविषयी ते लिहितात तेव्हा १४ जानेवारी १७६१ हा दिवस अजून यायचा असतो. लढाई तोंडाला लागली की मात्र उपमांचा भडिमार सुरू होतो आणि लेखकाचा शोक पात्रांच्या आधी रणांगणावर पोहोचतो.

याउलट 'अर्थसी' पाहा. गेड नावाचा मुलगा ओगिअन या थोर जादूगाराचा शिष्य होतो, आणि पहिल्याच प्रवासात पाऊस येतो. पाऊस हटवणे ओगिअनला सहज शक्य असते, पण तो पावसाला पडायचे तेथे पडू देतो आणि एका दाट झाडाखाली जाऊन झोपतो. शिष्य झुडपांत भिजत बसतो आणि मनात म्हणतो की, असली विद्या शिकून उपयोग काय? पुढे जादूच्या शाळेत एक गुरू खड्याचा हिरा करून दाखवतात, पण तो आभास असतो. खडा खरोखर बदलायचा तर त्याबरोबर जगही बदलते, म्हणून त्याचे बरेवाईट परिणाम कळल्याशिवाय वाळूचा एक कणही बदलू नये, असे ते सांगतात. १९६८ साली किशोरवाचकांसाठी लिहिलेल्या या छोट्या पुस्तकात कार्यकारणाचे जे भान आहे, ते मला आपल्या सहाशे-सातशे पानांच्या ग्रंथांत क्वचितच भेटले.

माझ्या दोन विचारणा आहेत. शेवट पाठ असूनही वाचताना तो विसरायला लावणारी मराठी ऐतिहासिक कादंबरी कोणती? आणि मोठ्यांसाठी लिहिलेली, स्वतःचे नियम काटेकोरपणे पाळणारी फँटसी मराठीत का रुजली नाही? विरोधी मतेही अवश्य मांडावीत.

आडवाट:

पैलतीर, आपली कसोटी आकर्षक आहे, परंतु ती मँटेल यांच्या पुस्तकातून काढून देसाईंच्या पुस्तकावर लावलेली आहे, आणि माझा आक्षेप तेथेच आहे.

शेवट विसरायला लावणे हे आपल्याकडील कथनाचे उद्दिष्ट कधीच नव्हते. तुळशीदास शाहिराचा तानाजीचा पोवाडा ऐकायला बसलेल्या माणसाला तानाजी वाचणार की पडणार याची उत्सुकता नसते. तो पडणार हे माहीत असते म्हणूनच लोक ऐकायला बसतात. कीर्तनात बुवा उत्तररंगात आख्यान लावतात, तेव्हा हरिश्चंद्राला राज्य परत मिळणार हे श्रोत्यांतील शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. हरिभाऊ आपट्यांनी तर १९०३ च्या कादंबरीचे नावच 'गड आला पण सिंह गेला' असे ठेवले आणि मुखपृष्ठावरच शेवट सांगून टाकला. यात हरिभाऊंची चूक झाली असे आपण म्हणणार का? वाचकाची उत्कंठा 'काय होणार' याकडून 'कसे होणार' याकडे वळवणे हीसुद्धा कारागिरीच आहे, आणि 'स्वामी' त्या परंपरेतील आहे.

दुसरे असे की, माधवरावांच्या बाबतीत शेवटाची जाणीव लेखकाने बाहेरून आणलेली नाही. त्यांचे दुखणे दीर्घ होते, आपण यातून उठणार नाही हे त्यांना शेवटच्या काळात कळून चुकले होते, आणि मागे राहणाऱ्यांसाठी त्यांनी जी कलमे लिहून ठेवली त्यांत राज्याचे कर्ज फेडण्याचे कलम होते. १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला देह ठेवणारा हा सत्तावीस वर्षांचा पुरुष स्वतःच्या मृत्यूकडे उघड्या डोळ्यांनी पाहत होता. क्रॉमवेलला शेवट ठाऊक नव्हता, माधवरावांना बऱ्याच अंशी होता. दोन वेगळ्या माणसांना एकच अज्ञान बहाल करण्याची सक्ती कशासाठी?

'स्वामी'वर मला वेगळाच आक्षेप घ्यावासा वाटतो. रमाबाईंचे सती जाणे ही कादंबरी ज्या सोज्वळ प्रकाशात दाखवते, तो प्रकाश १९६२ साली वाचकांना खटकला नसेल, पण आज खटकतो. त्या स्त्रीच्या मनात त्या वेळी भीती होती का, हा प्रश्न कादंबरीला पडायला हवा होता. आपण म्हणता ते अनभिज्ञ राहणे येथे उपयोगी पडले असते, हे मात्र मान्य करतो.

'पानिपत'विषयी आपण लिहिलेल्या पहिल्या अर्ध्याशी सहमत आहे. ज्यांना ती कादंबरी आवडली त्यांनी त्र्यंबक शंकर शेजवलकरांचा 'पानिपत : १७६१' हा ग्रंथ जरूर जोडीने वाचावा. इतिहासलेखन असूनही त्यात पुढे काय घडेल याविषयी जो ताण आहे, तो पाहून कादंबरीकारांनी हेवा करावा.

दर्यावर्दी:

आपल्या पहिल्या विचारणेला माझे उत्तर: नंदा खरे यांची 'अंताजीची बखर', प्रकाशन १९९७.

मराठ्यांच्या बंगालवरील स्वाऱ्या आपल्या शालेय पुस्तकांत दोन-तीन ओळींत उरकतात. बंगालमध्ये मात्र आजही बाळाला झोपवताना 'बर्गी', म्हणजे मराठा घोडेस्वार, आल्याचे गाणे म्हणतात, आणि गंगाराम नावाच्या कवीने त्याच काळात त्या लुटीवर लिहिलेल्या बंगाली काव्याचे नाव 'महाराष्ट्र पुराण' असे आहे. नंदा खरे यांनी या विस्मृत कोपऱ्यात आपला अंताजी सोडला आहे. हा गृहस्थ शूर नाही, ध्येयवादी तर मुळीच नाही. तो निरीक्षक आहे, चतुर आहे, आणि स्वतःचा जीव व दोन पैसे सांभाळून आहे. मोठमोठ्या घटना त्याच्या डोळ्यांपुढून जातात, पण त्यांना 'ऐतिहासिक' म्हणतात हे त्याला कोणी सांगितलेले नसते. मराठा सरदार भास्करपंत कोल्हटकरांना बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने १७४४ मध्ये बोलणी करण्यासाठी बोलावून ठार केले, हे ज्याला माहीत आहे त्यालाही अंताजीबरोबर जाताना पुढच्या वळणावर काय आहे याची धास्ती वाटते, कारण अंताजीला पळून जाण्याची वाट आहे की नाही, हे इतिहासाने नोंदवलेलेच नाही.

आडवाट यांच्या पोवाड्याच्या मुद्द्याला माझा विरोध नाही, परंतु पोवाडा नायकाचा असतो. नायकाचा शेवट ठाऊक असतो, हुजऱ्याचा नसतो. १८७१ मध्ये रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनी 'मोचनगड' ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी लिहिली, तेव्हा त्यांनी शिवकाळात एक कल्पित किल्ला उभारला आणि कथाही तिथल्या कल्पित माणसांना दिली. पुढे आपण ती वाट सोडली आणि थेट छत्रपती, पेशवे यांच्या अंतःपुरात आणि अंतःकरणात शिरू लागलो. तेथे कादंबरीकाराला हालचाल करायला जागा फार थोडी असते आणि आदर फार मोठा असतो, त्यामुळे संवाद आपोआप समाधीवरच्या लेखासारखे होतात.

चंद्रज्योती:

मी दुसऱ्या विचारणेपुरते लिहिते.

मराठीत फँटसी रुजली नाही हे विधान मला मान्य नाही. मराठी कादंबरीचा आरंभच अद्भुतापासून झाला. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची आणि रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची; संकटे, योगायोग आणि अलौकिक सौंदर्याने भरलेल्या या कादंबऱ्या एके काळी हातोहात वाचल्या जात. नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने आणि गो. ना. दातारांच्या भुयारांनी व गुप्त दरवाजांनी पुढच्या पिढ्यांची झोप उडवली. नंतर नारायण धारपांनी ही गादी भयकथेकडे नेली. मात्र या परंपरेत पैलतीर म्हणतात ती नियमांची शिस्त फारशी नाही हे खरे. अडचण आली की नवा चमत्कार, असा एकूण कारभार.

पण ती शिस्त मराठी वाचकाला अपरिचित आहे का? माझ्या मते मुळीच नाही, कारण ती आपल्याला महाभारताने शिकवली आहे. शाप उच्चारला की उच्चारणाऱ्यालाही तो मागे घेता येत नाही, फार तर उःशाप देता येतो. वर मिळतो, पण त्याच्या शब्दांत फट राहते आणि तिच्यातूनच मृत्यू येतो. कर्ण कवचकुंडले देऊन इंद्राकडून वासवी शक्ती घेतो, ती एकदाच वापरता येते, तो ती अर्जुनासाठी जपून ठेवतो आणि रात्रीच्या युद्धात घटोत्कचावर खर्च करून बसतो. एवढा चोख जमाखर्च ठेवणारी जादू मी इंग्रजी फँटसीतही थोडीच पाहिली आहे. ययातीचे तर विचारूच नका. शुक्राचार्यांच्या शापाने आलेले वार्धक्य नाहीसे होत नाही, ते दुसऱ्याला देता येते, पण कोणीतरी ते अंगावर घ्यावेच लागते. वि. स. खांडेकरांनी १९५९ मध्ये 'ययाति' लिहिताना या एका नियमाचा जो मानसिक अर्थ काढला, तो पुढे त्यांच्या ज्ञानपीठ पुरस्काराच्या वेळीही चर्चेत राहिला. देवयानी, शर्मिष्ठा आणि ययाती आपापली बाजू स्वतः सांगतात. तिघांपैकी कोणाचेही बोलणे संपूर्ण खरे वाटत नाही, ही त्या पुस्तकाची जमेची बाजू आणि पाल्हाळ ही उणी बाजू.

म्हणजे मोठ्यांची मराठी फँटसी अस्तित्वात आहे, फक्त तिला आपण पौराणिक कादंबरी म्हणतो आणि ग्रंथालयात वेगळ्या कपाटात ठेवतो. अडचण अशी की, या कपाटातील पुस्तके दिवसेंदिवस नियमांपेक्षा गौरवाकडे झुकू लागली आहेत. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे वेगवेगळे आवाज आहेत, तरी सगळे मिळून कर्णाची आरतीच म्हणतात, असे मला दर वाचनात वाटते. त्याच्या शेजारी एस. एल. भैरप्पा यांची 'पर्व' ठेवून पाहा. १९७९ ची ही कन्नड कादंबरी उमा कुलकर्णी यांनी मराठीत आणली आहे. भैरप्पांनी शाप, वर, दैवी अस्त्रे, सगळे काढून टाकले, नियोगासारख्या गोष्टी मानवी पातळीवर ठेवल्या, आणि युद्धानंतरचा चिखल, दुर्गंधी व अन्नाची टंचाई यांवर पाने खर्च केली. मला 'पर्व' अधिक आवडते, पण एक गोष्ट त्यात हरवते. शाप काढून टाकला की, आपल्या हातून सुटलेला शब्द परत घेता येत नाही ही भीतीही निघून जाते, आणि ती भीती मला वास्तवाइतकीच खरी वाटते.

ओसरी:

या सगळ्या चर्चेत सुझॅना क्लार्क यांच्या पुस्तकाचा उल्लेख प्रश्नात होऊन तसाच राहिला, याचे आश्चर्य वाटते, कारण आपण दोन्ही बाजूंनी जे शोधत आहात ते त्या एकाच ग्रंथात आहे.

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेली ही कादंबरी नेपोलियनच्या काळातील इंग्लंडमध्ये घडते. वेलिंग्टन आहे, मंत्रिमंडळ आहे, वॉटर्लूची लढाईही आहे. फक्त या इंग्लंडला तीनशे वर्षे राज्य केलेल्या एका जादूगार राजाचा इतिहास आहे आणि तळटीपांमधून तो इतिहास अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांच्या आधारे सांगितला जातो. या तळटीपा काहींना कंटाळवाण्या वाटतात. मला त्याच सर्वाधिक आवडल्या, कारण संशोधकी भाषेचे सोंग इतके हुबेहूब वठले आहे की, आपल्याकडील एखाद्या खंडाच्या प्रस्तावना वाचत असल्याचा भास होतो. युद्ध जिंकण्यासाठी जादूगार आघाडीवर नेमला जातो, तर सेनापती त्याला आधी रस्ते करायला लावतो! सैन्य रस्त्यावरून चालते, जादूवरून नाही, हे शेजवलकर वाचलेल्या माणसाला पटायला वेळ लागत नाही.

सुरुवातीचा एक प्रसंग पाहा. नॉरेल हा जादूगार आपली विद्या सिद्ध करण्यासाठी यॉर्कच्या महामंदिरातील दगडी मूर्तींना वाचा देतो. जमलेले विद्वान थक्क होतात. परंतु मूर्ती बोलू लागताच त्यांतील एक लहानशी मूर्ती शेकडो वर्षांपूर्वी तेथे झालेल्या एका मुलीच्या खुनाविषयी सांगू लागते, ज्याला दगडांखेरीज कोणी साक्षीदार नव्हता. ऐतिहासिक कादंबरीने कशासाठी लिहायचे, याचे मला यापेक्षा चांगले उत्तर मिळालेले नाही. पुढे नॉरेल एका मंत्र्याच्या वाग्दत्त वधूला मृत्यूतून परत आणतो आणि त्याबदल्यात तिचे अर्धे आयुष्य एका परीलोकीच्या पुरुषाला देण्याचा करार करतो. नॉरेलची समजूत अशी की, आयुष्याचा उत्तरार्ध जाईल. तो पुरुष मात्र तिची प्रत्येक रात्र घेतो. ती हे कोणाला सांगू लागली की, तोंडातून भलत्याच गोष्टी बाहेर पडतात आणि घरचे तिला वेडी ठरवतात. चंद्रज्योती यांनी सांगितलेली शब्दांतली फट ती हीच.

आणखी एक लेखक सुचवतो: कॅनडाचे गाय गॅव्हरिएल के. टॉल्किन यांच्या मृत्यूनंतर 'द सिल्मरिलियन'चे हस्तलिखित लावण्याच्या कामात त्यांनी तरुणपणी साहाय्य केले होते. १९९५ ची 'द लायन्स ऑफ अल-रसान' ही त्यांची कादंबरी उघडउघड मध्ययुगीन स्पेनवर आधारलेली आहे, पण त्यांनी देशांची, धर्मांची आणि माणसांची नावे बदलली आणि आकाशात दोन चंद्र ठेवले. त्या कादंबरीत जादू जवळजवळ नाहीच. मग हा खटाटोप कशासाठी? खऱ्या, मृत व्यक्तींच्या मनात आपल्याला हवे ते विचार घालण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे ते मानतात, हे एक कारण. आणि स्पेनचा इतिहास पाठ असलेल्या वाचकालाही कोण जगेल, कोण मरेल हे सांगता येत नाही, हा त्याचा दुसरा फायदा. पैलतीर यांच्या पहिल्या कसोटीतून सुटण्याचा हा राजमार्ग आहे. मराठीत असे कोणी केले, दोन चंद्रांखाली एखादे पानिपत लढवले, तर नावांवरून होणारे वादही टळतील, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आडवाट:

ओसरी, आपल्या शेवटच्या वाक्याला माझा विरोध आहे. वाद टाळण्यासाठी नावे बदलणे ही सोय झाली, कला नव्हे. रणजित देसाई यांच्या शिवाजी महाराजांवरील 'श्रीमान योगी'ला नरहर कुरुंदकरांची पत्ररूप प्रस्तावना आहे, ती ज्यांनी वाचली असेल त्यांना आठवेल की, खऱ्या नावाच्या खऱ्या माणसाला समजून घेताना कादंबरीकारापुढे किती अवघड प्रश्न उभे राहतात, हे कुरुंदकर तेथे एकेक करून दाखवतात. माझे तर असे मत आहे की, त्यांनी विचारलेले प्रश्न त्या कादंबरीला पेलता आलेल्या उत्तरांपेक्षा मोठे आहेत, आणि प्रस्तावनाच अधिक टिकाऊ ठरली आहे. परंतु ते प्रश्न उभे राहिले, कारण नाव खरे होते. दोन चंद्र टांगले की ती जबाबदारी संपते.

पैलतीर:

सर्वांचे आभार. 'अंताजीची बखर' मागवली आहे. चंद्रज्योती यांनी शापाच्या नियमांविषयी लिहिलेले वाचून 'ययाति' पुन्हा काढली, आणि बापाचे वार्धक्य अंगावर घेणाऱ्या पुरूचा प्रसंग आता वेगळ्या नजरेने वाचतो आहे.

आडवाट यांच्या पोवाड्याच्या मुद्द्यावर मात्र मी माझे मत सोडत नाही. पोवाडा हा एका बैठकीचा प्रकार आहे, शाहिराचा आवाज आणि डफ शेवटाच्या ओझ्याला उचलून धरतात. कादंबरी माणूस एकटा, आठवडाभर, रात्री दिव्याखाली वाचतो. तेवढा वेळ पात्रांच्या सोबत काढायचा तर त्यांना उद्याची चिंता असावी लागते, आणि ज्याला उद्या माहीत आहे त्याला चिंता कसली? माधवरावांना आपल्या मृत्यूची जाणीव होती हे आपण म्हणता ते शेवटच्या काळापुरते खरे आहे. राक्षसभुवनला निजामाचा पराभव करणाऱ्या १७६३ मधील अठरा वर्षांच्या मुलाला ती जाणीव कशी असेल?

दर्यावर्दी:

जाता जाता एक नाव राहिले. ना. सं. इनामदार यांची 'शिकस्त' आपण वाचली आहे का? 'राऊ' आणि 'झेप' यांच्या गर्दीत ती मागे पडते, परंतु या चर्चेत तिला पहिले स्थान द्यायला हवे. ती सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांच्यावर आहे. पानिपतावर दोन मोती गळाले, हे पत्र साऱ्या महाराष्ट्राने मानले, पार्वतीबाईंनी मानले नाही. त्या पुण्यात सौभाग्यवतीच्या वेशात राहिल्या आणि भाऊ परत येण्याची वाट पाहत राहिल्या. त्यात भर म्हणून भाऊंचा तोतया निघाला, त्याच्यामागे माणसे गोळा झाली, १७७६ मध्ये त्याने कोकणातील किल्ले घेण्यापर्यंत मजल मारली आणि त्याच वर्षी त्याला देहान्ताची शिक्षा झाली.

येथे वाचकाला शेवट ठाऊक आहे, पेशव्यांच्या दरबाराला ठाऊक आहे, आणि मध्यवर्ती व्यक्ती तो ठाऊक करून घ्यायलाच नकार देते. आपल्या आणि आडवाट यांच्या वादाचा निकाल या पुस्तकाने लागेल असे मी म्हणत नाही, उलट तो वाढण्याचीच शक्यता अधिक. तोतयाची प्रकरणे वाचताना तो तोतया आहे हे आपल्याला पक्के माहीत असते, तरी त्या बाईसाठी तो तोतया नसावा असे वाटू लागते. असे का वाटते, यावर आपण दोघांनी वाचून लिहावे.